नांदेडहून आणलेली बॅटरीची गाडी

मंजुश्री लातुरात घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घ्यायची. एका घरातून दुसऱ्या घरी जायला रिक्षा शोधण्यातच तिचा अर्धा जीव जायचा. तिला स्कूटी नको होती. टाकीला गुडघे लावून चालवायची मोटारसायकलच हवी होती, तीही बॅटरीवरची. नवी परवडेना, म्हणून नांदेडच्या मिहिरची जुनी बघायला ती नवऱ्याला, सोमेशला, घेऊन गेली. मिहिर नोकरीसाठी हैदराबादला निघाला होता. जुन्या बॅटरीचा काय भरवसा, असं सोमेश बसमध्ये सारखा म्हणत राहिला.

गल्लीत एक चक्कर मारून मंजुश्रीचं समाधान झालं नाही. ती थेट अर्धापूरला जाऊन आली. मिहिरनं सांगितली होती तेवढीच बॅटरी उतरली होती. आरसी आणि चार्जर ताब्यात घेऊन तिनं व्यवहार पक्का केला.

गाडी न्यायला ठरवलेला टेम्पोवाला ऐनवेळी फोन उचलेना. मंजुश्रीनं मिहिरच्या दारातच गाडी पुन्हा पूर्ण चार्ज केली आणि सोमेशला मागं बसायला सांगितलं. चाकूरला तिची शिवम्मा मावशी राहायची. तिथवर पोचलं की पुढची काळजी नव्हती.

लोह्याच्या पुढं चढ लागला, वाराही समोरून. मीटरवरचा आकडा भराभर उतरू लागला. अहमदपुरात हॉटेलवाल्यानं चार्जिंगला नाही म्हटलं. गाडी इथंच ठेवून बसनं जाऊ, सोमेश म्हणाला.

"बसनं तुम्ही जावा," मंजुश्री म्हणाली. "वजन कमी झालं की गाडी पोचते."

"आन् वाटेत बंद पडली तर?"

"तर ढकलत आणीन. पण सोडून येणार न्हाई."

सोमेश बसमध्ये चढला. तिनं वेग कमी केला, ट्रकांना पुढं जाऊ दिलं आणि अंग वाकवून गाडी हाकत राहिली. आकडा अगदी तळाला गेला होता, तरी चाकूरची घरं दिसली तेव्हा चाकं फिरतच होती. सोमेश मावशीच्या ओट्यावर लांब वायरचा बोर्ड घेऊन उभा होता. तिला बघताच पुढं येऊन त्यानं चार्जर लावला. मावशीनं गरम भाकरी वाढली.

संध्याकाळी निघताना त्यानं विचारलं, "आता मी चालवू का?"

"उद्या बघू," ती हसून म्हणाली.

लातुरात शिरल्यावर मंजुश्री घराकडं वळलीच नाही. भर बाजारात, दुकानांच्या उजेडात, तिनं गंजगोलाईच्या गोल चौकाला एक अख्खी चक्कर मारली. गाडीचा आवाज नव्हता, तरी लोक वळून बघत होते.