पलीकडची दोरी

डेरेकने शिशाचा मणी बोटभर वर सरकवला, गळाच्या काट्यांत मेलेला छोटा मासा ओवला आणि दोरी ऊझ नदीत सोडली. गळाच्या वर वीतभर तार होती. नुसती दोरी पाईक माशाच्या दातांपुढे टिकत नाही. लाल बूच डुचमळलं, सरळ उभं राहिलं आणि प्रवाहाबरोबर सावकाश निघालं.

समोरच्या काठावर त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह बसला होता. हिवाळ्यात दर रविवारी बसायचा. आईला वृद्धाश्रमात ठेवण्यावरून दोघांचं वाजलं होतं. आई तिथेच वारली, आणि भावांनी बोलणं टाकलं. नदी मात्र कोणी सोडली नाही. एकाने काठ बदलला, एवढंच.

बूच एकदा बुडालं, वर आलं आणि तिरकं होत पाण्याखाली गेलं. डेरेकने काठी उचलली. मासा दांडगा होता. तो नदी कापत पलीकडे धावला आणि क्लाइव्हच्या दोरीत गुरफटला.

आता क्लाइव्हने हिसका दिला असता, तर डेरेकची दोरी तुटून मासा गळ तोंडात घेऊनच गेला असता. डेरेकने हाक मारायला तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं, पण बाहेर पडेना.

क्लाइव्ह उठला. खिशातून चाकू काढून त्याने आपलीच दोरी कापली.

बऱ्याच झटापटीनंतर मासा जाळ्यात आला. डेरेकने पकडीने गळ सोडवला. गुडघ्यांवर बसून तो नुसता बघत राहिला.

"केवढा आहे?"

पलीकडचा आवाज पार म्हातारा झाला होता.

"काय माहीत. वजनकाटा तुझ्याकडे राहिलाय."

क्लाइव्हने आपली पिशवी चाचपली.

"घेऊन येऊ?"

"पुलावरून यायचं म्हणजे तास जाईल. मासा नाही तेवढा दम धरायचा."

"हं. तेही खरंच."

डेरेकने मासा दोन्ही हातांनी उचलून आडवा धरला.

"दिसतोय का?"

"दिसतोय. बाबांच्या त्या माशाहून मोठा आहे."

"छे. काहीतरीच."

त्याने मासा पाण्यात धरून ठेवला. शेपटी हलली, तशी हात सैल सोडले.

वर पाहिलं तेव्हा क्लाइव्ह सामान आवरत होता. खुर्ची बगलेत मारून तो बांधावर चढला. बांधापलीकडचा रस्ता डावीकडे त्याच्या घराला जायचा, उजवीकडे पुलाला. क्लाइव्ह उतरला आणि दिसेनासा झाला.

उन्हं उतरली होती. एरवी डेरेक या वेळेला निघायचा. आज त्याने बधिर बोटांनी गळाला पुन्हा आमिष लावलं, बूच पाण्यात सोडलं, आणि पुलाकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची वळवून बसला.