आवणी झालेला केस

मी एक केस बोलतोय. पण जे सांगणार आहे त्यातलं किती मला खरंच आठवतं, याची खात्री नाही. कारण या गोष्टीच्या ऐन मध्यावर मी गळून पडलो होतो. गळला तो मी, की खाली कातडीत राहिलं ते मूळ म्हणजे मी, हेही मला अजून उलगडलेलं नाही. दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत, असं समजून ऐका.

माझा जन्म अतुलच्या डोक्याच्या मागच्या बाजूला झाला. तो तळेगावच्या एका कारखान्यात कामाला. आईवडील नव्हते, सोसायटीतल्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. मागे राहणाऱ्याला जगही मागचंच दिसतं. अतुल चालू लागला की मला सुटत जाणारा रस्ता दिसे, लहान होत जाणारी माणसं दिसत. तो कुठे चाललाय हे कपाळाकडच्या केसांना कळत असावं. पण ते बिचारे त्याच्या तिशीआधीच गेले होते.

परंदवडीच्या रेणुकाशी त्याचं लग्न ठरलं. ती शाळेत शिकवायची. तिने त्याला टकलासकट पसंत केलं होतं. पण माणसाला दुसऱ्याचा होकार पुरत नाही, त्याला आरशाचाही लागतो. लग्नाच्या फोटोत आपण नवरीचे काका दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती. कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगून तो पुण्याला गेला. तिथे केसांच्या दवाखान्यात त्याचं सगळं डोकं भादरलं आणि मला, माझ्यासारख्या दोनेक हजारांना, मुळासकट उचलून पुढे लावलं.

पुढे आल्यावर मला पहिल्यांदा समोरून येणारी माणसं दिसली. डोळे, नाकं, ओठांवर येऊ घातलेलं हसू. जो तो आपल्याकडेच येतोय असं वाटे. तेवढे दिवस आजही स्वप्नासारखे वाटतात, आणि कदाचित असतीलही.

खपल्या निघाल्यावर, पंधराव्या दिवशी अतुल परंदवडीला गेला. ओट्यावर रेणुकाची आजी, भामाबाई, तांदूळ निवडत बसली होती. टोपी काढून तो पाया पडायला वाकला. तिने डोक्यावर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला.

“कोण गेलं, जावयबापू?”

त्या भागात असं भादरलेलं डोकं दिसलं की अर्थ एकच. अतुलच्या तोंडापर्यंत खरं आलं असावं, असं मला वाटतं. पण दारात रेणुका उभी होती. केसांसाठी एवढा खटाटोप केला, हे तिच्यासमोर म्हणायची त्याला लाज वाटली.

“चुलते,” तो म्हणाला. “पनवेलचे.”

असे कोणी चुलते नव्हते. भामाबाईने सुस्कारा सोडला आणि घरात सुतक असताना कार्य कसं करायचं, दिवाळीनंतर बघू, असं सांगून टाकलं. रेणुका आत गेली. न जन्मलेल्या माणसाच्या मरणाने लग्न पुढे ढकललं गेलं.

त्यानंतर आठवड्याभरात आम्ही गळू लागलो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की लावलेले केस काही आठवड्यांनी गळतात, मूळ आत शाबूत राहतं आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो. अतुलने तेव्हा समजल्यासारखी मान डोलावली होती. पण ऐकणं वेगळं आणि सकाळी उशीवर पाहणं वेगळं. मी सुटलो तेव्हा दुखलं नाही, नुसती पकड सैल झाली. त्याने मला चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं आणि तो खाली बसला. ज्याच्यापायी खोटं बोललो तेही गेलं, आता लग्नही जाणार, असं काहीसं तो पुटपुटत होता.

मग झोप. लोणावळ्याकडून धुकं उतरत येतं तसं पांढरं, ओलसर काहीतरी माझ्यावर पसरलं. त्यातून आवाज यायचे. पुढचं मी त्या झोपेतच ऐकलं.

आवणीचे दिवस होते. भाताची रोपं उपटून खाचरात लावायला माणसं कमी पडत होती, म्हणून रेणुकाने अतुलला बोलावलं. चिखलात वाकताना त्याची टोपी पाण्यात पडली. रेणुकाने ती उचलली आणि हातातच धरून ठेवली. सुतकाचे केस एव्हाना वाढायला हवे होते, पुढचे उलट कमी कसे झाले, असं तिने हळूच विचारलं.

अतुलने सगळं सांगितलं. ट्रेनिंग, पुणे, पनवेलचे चुलते. लावणाऱ्या बायकांच्या हातातल्या रोपांच्या जुड्या हातातच राहिल्या.

“केसांचं मला काही नाही,” रेणुका म्हणाली. “पण एवढ्याशासाठी तुम्ही माणूस मारलात.”

त्यावर बांधावरून बोलली ती भामाबाई.

“केसांचीबी आवणी करत्यात व्हय?” तिने चार दिवसांपूर्वी लावलेल्या, पिवळ्या पडलेल्या रोपांच्या पट्ट्याकडे हात केला. “ते बघा. जागा बदलली का रोप मान टाकतंच. उपटून बघायचं न्हाई. मूळ धरू द्यायचं.”

हे ती मला म्हणाली, अतुलला म्हणाली, की नातीला, ते मला ठरवता आलेलं नाही. रेणुकाने एक जुडी त्याच्या पुढ्यात टाकली आणि ओळ सरळ ठेवा म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास मी जागा झालो. आधी लवेसारखा, थोडा वाकडा. मार्गशीर्षातल्या लग्नाच्या फोटोत मी आहे, पण दिसत नाही. कॅमेऱ्याला एवढं बारीक कुठलं कळायला. आता माझे काही शेजारी पिकायला लागलेत, माझाही नंबर येईल. तुमच्या उशीवर आमच्यातला कोणी दिसला, तर लगेच आरशापुढे धावू नका, एवढंच मागणं.

एक गोष्ट मात्र मी झोपेत नाही, टक्क जागेपणी ऐकली आहे. चार वर्षांनी त्यांच्या मुलीचं जावळ काढलं. तेव्हा रेणुकाने आजीला विचारलं की पनवेलचे चुलते तुला तरी खरे कसे वाटले. भामाबाई पदर तोंडाला लावून हसली.

“कशाचे खरे. सुतकात मिशीबी उतरवत्यात. ह्यांची तर पहिल्या दिवशी जागच्या जागी व्हती. म्हनलं, बघू कवा बोलत्यात.”