वन्सं आणि भंगारवाले

“हलवू नका तिला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आत्ता हलवलं तर दोघंही जातील.”

त्यांच्या हातात पातं होतं आणि टेबलावर माझी लेक होती, पोट उघडं. पोर आडवं आलेलं. बाहेर टेहळणीवाला लाकडी फळी जीव खाऊन बडवत होता. फळी वाजली म्हणजे भंगारवाले निघाले, आणि मग घरातली सुईसुद्धा उचलून गाळात नेऊन टाकायची, हे आमच्या वसाहतीत रांगणाऱ्या पोरालाही कळतं. पण पोटात अडकवलेले चिमटे कसे नेऊन टाकणार? ते काढले तर रक्त थांबणार नव्हतं.

“किती वेळ लागेल?” मी विचारलं.

“लागेल तेवढा लागेल. तुम्ही दारात उभ्या राहू नका, उजेड अडतोय.”

भंगारवाले हे नाव वन्संनी ठेवलेलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खरं तर भंगारवाल्याची बदनामीच आहे ती. भंगारवाला निदान दारात उभा राहून हाक मारतो, घासाघीस करतो, नाही म्हटलं तर निघून जातो. ही यंत्रं कुठल्या ताऱ्यावरून आली देव जाणे. आम्ही यानातून या उजाड जगात उतरलो, घरं बांधली, विहिरी खणल्या, कुठे पीक हाती लागायला लागलं होतं, तोच ही येऊन उतरली. घराएवढी उंच, लांब पायांची, बिनतोंडाची. पुढे नुसत्या मिशा. त्या मिशांना धातूचा वास लागतो म्हणा, की आणखी काही. लागला की मधे भिंत असो नाहीतर माणूस, सरळ आरपार. आधी त्यांनी यान नेलं, मग नांगर, मग दारांच्या बिजागऱ्या. म्हाताऱ्या मास्तरांच्या तोंडात एक धातूचा दात होता. मास्तर राहिले नाहीत, एवढंच सांगते.

रागही नाही त्यांना आमचा. त्याचीच मला जास्त चीड येते. माणूस चिरडतात तेही कुणाकडे न बघता.

जायचं तरी कुठे? यानच नेलं मेल्यांनी. म्हणून आम्ही हट्टालाच पेटलो. लाकडी खुंट्या ठोकून घरं उभी केली, मातीच्या भांड्यात शिजवलं. आणि जे धातूशिवाय भागतच नाही, म्हणजे दवाखान्याची हत्यारं, ती नदीकाठच्या काळ्या गाळात लपवायला शिकलो. एका बाईचं पातेलं त्या गाळात पडलं होतं, ते त्यांना सापडलं नाही, तेव्हा आम्हाला अक्कल आली. गाळ मात्र ओला हवा आणि वीतभर जाड हवा. इथली लाल माती चालत नाही. नदी लांब, म्हणून दवाखान्याच्या मागे हौद बांधून त्यात गाळ आणून ठेवलेला. पाणी मारून तो ओला ठेवायचा.

त्या हौदात हत्यारांबरोबर वन्संनाही बसावं लागायचं. यानातून सामान उतरवताना त्यांच्या मांडीवर पेटी पडली होती. हाडाचा चुरा झाला, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी आत पोलादी सळई घातली. त्या सळईवर वन्सं चालायच्या, दवाखान्यातल्या चादरी उकळायच्या, पिळायच्या आणि माझ्याशी भांडायच्या. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच मोठ्या. माझा पाव त्यांना कच्चा लागतो आणि त्यांचं घोरणं मला सहन होत नाही. असं आमचं छान चाललं होतं.

मी मागच्या दाराने बाहेर पडले. वन्सं हौदात गळ्यापर्यंत बसलेल्या होत्या, डोक्याला फडकं बांधून.

“काय झालं गं? मुलगी की मुलगा?”

“अजून काहीच नाही. पोट उघडं आहे, वन्सं. हत्यारं आतच आहेत.”

त्यांनी दवाखान्याच्या भिंतीकडे पाहिलं.

“मग भिंती लिंप की! रोज पावाची भट्टी लिंपतेस ना? माझं तोंड काय बघतेस?”

“गाळ कुठाय तेवढा?”

“हा काय! मी काय लोण्यात बसलेय?”

“आणि तुम्ही कशात बसणार?”

“ते माझं मी बघेन. आधी टोपल्या आण.”

मी टोपल्या आणायला जायच्या आधीच जावईबापू धावत आले. त्यांच्यामागे गल्लीतली माणसं. लोक लपायचं सोडून दवाखान्याकडे येत होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सुतार आला, शाळेतली बाई आली, समोरची दोन भावंडं आली, जी एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. हौदापासून भिंतीपर्यंत रांग लागली. टोपल्या या हातातून त्या हातात जायला लागल्या आणि मी लिंपायला लागले. भिंत लिंपायची म्हणजे वरून खाली नाही, खालून वर लिंपावं लागतं, नाहीतर ओला गाळ सुटून पडतो. मी ओरडून सांगत होते आणि लोक ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझं कुणी इतकं ऐकत असेल.

आतून लेकीचा आवाज येत नव्हता. तिला गुंगीचं दिलं होतं, हे माहीत असूनही माझे कान तिकडेच. तिला काही झालं तर मी या यंत्रांच्या मिशा दातांनी तोडीन, असं मनात घोकत मी हात चालवत होते.

तीन बाजू झाल्या. छपरावर सुतार चढला. मी टोपलीसाठी वळले आणि हौदाकडे नजर गेली.

गाळ वन्संच्या कमरेखाली गेला होता. आणि त्या स्वतःच्या मांडीवरचा गाळ दोन्ही हातांनी ओरबाडून टोपलीत भरत होत्या.

“वन्सं, पुरे! आता पुरे!”

“छप्पर राहिलंय.”

“छपराला आपण दुसरं काहीतरी...”

“दुसरं काय घालतेस? पाव?” त्यांनी टोपली पुढे ढकलली. “मास्तरांचं छप्पर आठवतं ना? त्या मिशा वरूनच आत शिरल्या होत्या. ने ही टोपली, आणि मला हात दे.”

मी हात दिला. त्या उठल्या, कडेवर बसल्या, चांगला पाय बाहेर टाकला, मग वाईट पाय हाताने उचलून बाहेर ठेवला. नेहमीसारखंच. मला वाटलं, आता म्हणतील की मला कुठेतरी लपव. मी मनात जागा शोधतही होते. पण गाळ सगळा भिंतींवर होता आणि दुसरी जागा कुठे असणार!

“इथे थांबले तर ते इथेच येतील,” वन्सं म्हणाल्या. “काठी कुठाय माझी?”

जावईबापूंच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. ते पुढे झाले. “आत्या, माझ्या पाठीवर बसा. मी पळत नेतो तुम्हाला.”

“मी काय पोतं आहे? आणि सापडलास म्हणजे? पोर जन्माला येतंय तुझं, त्याला बाप नको? जा, छपरावर चढ.”

“वन्सं, नका जाऊ,” मी म्हणाले. “नका ना जाऊ.”

“बघ, कधी नव्हे ते प्रेमाने बोलतेय,” त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या.

मी धावत जाऊन त्यांना धरून ठेवायला हवं होतं, की भिंत लिंपायला हवी होती? मी भिंत लिंपली. माझी लेक आत होती. त्यांनाही तेच हवं होतं, आणि मी केलं तेच बरोबर होतं, पण ते करताना माझं काय झालं ते माझं मला माहीत.

शेवटच्या घरापलीकडे मोकळा माळ आहे, नुसते दगड. वन्सं तिथपर्यंत पोचल्या तेव्हा यंत्र विहिरीपाशी आलं होतं. ते दवाखान्याच्या दिशेनेच येत होतं. मग मधेच थबकलं. मिशा इकडे हलल्या, तिकडे हलल्या. आम्ही सगळे गाळाने माखलेले, भिंतीला चिकटून उभे. आत डॉक्टरीणबाई हळू आवाजात परिचारिकेला काहीतरी सांगत होत्या.

कुठे गाळ पातळ बसला होता कोण जाणे, मिशा दवाखान्याकडे वळल्या.

“ए भंगारवाल्या!”

इतक्या लांबून वन्संचा आवाज स्वच्छ ऐकू आला. तो आवाज उकळत्या मडक्यांवर ओरडून तयार झालेला.

“ए! डोळे फुटलेत का? इकडे बघ! चांगला माल आहे, पोलादी! बोल, काय भाव देतोस?”

त्या यंत्रांना कान नाहीत. ते सळईकडे वळलं, आवाजाकडे नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वन्सं ओरडायच्या थांबल्या नाहीत. वजन करून घेणार की तसंच, दांडी मारलीस तर बघ, तुझ्या मालकाला बोलाव. शाळेतली बाई माझ्या शेजारी उभी होती, तिला हसू फुटलं आणि हसता हसताच ती ढसाढसा रडायला लागली. वन्सं चालतच होत्या, आमच्यापासून लांब लांब, एक पाय टाकत, एक ओढत. यंत्राने वसाहत ओलांडली आणि त्यांना गाठलं.

शेंगेतून दाणा काढावा तशी त्याने सळई काढली. मी याहून जास्त सांगणार नाही.

नात कधी जन्मली ते मला कळलंच नाही. मी तेव्हा माळावरून धावत होते. यंत्र माझ्या बाजूने निघून गेलं, त्याला हवं ते मिळालं होतं. वन्सं शुद्धीवर नव्हत्या. सुताराने आपल्या घराचं दार उपसून आणलं, त्यावर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीला टाके घातले, हत्यारं पाण्यात उकळली आणि तीच घेऊन वन्संच्या पायाशी उभ्या राहिल्या. पाय काही वाचला नाही. वन्सं वाचल्या.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

“नेली?”

“नेली,” मी म्हणाले.

“जुनी होती. पस्तावतील.” मग थोड्या वेळाने, “पोर?”

मी नात त्यांच्या उशाशी आणली. त्यांनी तिला खूप वेळ न्याहाळलं. “नाक तुझ्यावर गेलंय. जाऊ दे, मोठी झाली की सुधारेल.”

सगळे म्हणत, वन्संचं काळीज दगडाचं आहे. लोकांना बोलायला काय जातं! पहिल्या आंघोळीला मी पाणी घालत होते, तेव्हा त्यांनी मांडीकडे पाहिलं आणि मान फिरवली. “वहिनी, खाज सुटते गं त्या पायाला,” म्हणाल्या, “आणि खाजवायला जावं तर तिथे काहीच नाही.” मी मडकं खाली ठेवलं. आम्ही दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडलो. मग पाणी गार झालं म्हणून त्या माझ्यावर ओरडल्या.

सुताराने त्यांना कुबड्या करून दिल्या. नदीवरून नवा गाळ आणून हौद भरला गेला. वन्सं परत चादरींकडे जायला लागल्या, आता उकळणं दुसरी बाई करते, वन्सं बसून पिळतात आणि तिच्या चुका काढतात.

परवा पुन्हा फळी वाजली. सकाळची वेळ, ऊन छान पडलेलं. परिचारिकेने हत्यारं हौदात टाकली, गल्लीत पळापळ सुरू झाली, आई-बापांनी पोरं घरात ओढली, दारं लागली. मी नातीला कडेवर घेऊन आत निघाले होते. पाहते तर वन्सं दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या.

“वन्सं, उठा! फळी ऐकू येत नाही का?”

“येते की. मी काही उठायची नाही आता.”

“असं काय करता? चला आत!”

“कशाला जाऊ? माझ्याकडे काय उरलंय त्यांनी न्यायला?” त्यांनी हात पुढे केले. “आण तिला इकडे. उन्हात बसू दे जरा. जन्मल्यापासून कोंडून ठेवलीय पोरीला.”

मला वाटलं, यांना वेड लागलंय. पण खरंच, तिच्या अंगावर तरी काय होतं? एक लंगोट, तोही गाठ मारलेला. मी नातीला त्यांच्या मांडीवर दिलं. आणि मग माझी मीच त्यांच्या शेजारी टेकले. लेक खिडकीतून “आई, आई” करत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

यंत्र गल्लीतून आलं, आमच्यासमोर थांबलं. मिशा खाली आल्या. आधी माझ्या डोक्यावरून फिरल्या, थंडगार. मग नातीवरून. ती एक मिशी पकडायला बघत होती, वन्संनी तिचा हात धरला. मग मिशा वन्संच्या खांद्यावरून, पोटावरून खाली उतरल्या, आणि जिथे पाय नव्हता, नुसता कपडा दुमडून ठेवला होता, तिथे जाऊन घुटमळल्या.

वन्संनी मान वर केली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “पुढे व्हा.”

यंत्र थोडा वेळ तसंच उभं राहिलं. मग पाय उचलून पुढच्या घराकडे गेलं.