मेलेली मांजर

माझा नवरा बद्रुद्दीन बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. सोबतचा हाँगकाँगचा चिनी आचारी म्हणायचा, दुसऱ्याचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेणं म्हणजे मेलेली मांजर खाणं. हे सांगून नवरा खो खो हसायचा. आपल्याकडे खापर फोडतात, ते निदान खावं तरी लागत नाही.

ब्याण्णव साली पनवेलला शरफुद्दीनशेठच्या थोरल्या मुलाचा वलिमा, लग्नानंतरची जेवणावळ होती. धाकट्याशी, राहिलशी, आमच्या लेकीची, हादियाची मंगनी झालेली, म्हणून बिर्याणी माझ्या नवऱ्याने हौसेने पत्करली. कणकेने देगेचं झाकण लिंपलं, वर निखारे ठेवले आणि बजावलं, "मी सांगीपर्यंत कोनी हात लावायचा नाय." तो नमाजला गेला. तेवढ्यात न्हावा शेवा बंदरातले साहेब आले. शेठचे ट्रक त्यांच्याच मेहेरबानीवर चालायचे. त्यांना वास दाखवायला शेठने कणीक फोडून झाकण उचललं. मी समोर उभी होते. वाफ गेली ती गेलीच.

पंगतीत भात कचकच लागला. मटण दातांनी तुटेना. पाहुणे उठले, आणि शेठ सगळ्यांदेखत माझ्या नवऱ्यावर ओरडला, "झाकन कोनी उघडला?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं, तर नवऱ्याने माझा हात घट्ट दाबला. "गप. पोरीला त्याच घरात नांदायचं हाय." मग मान खाली घालून तो म्हणाला, "मीच उघडला, शेठ. माफी करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मंगनीची अंगठी परत आली. निरोप होता, भर वलिम्यात ज्याने आमची इज्जत घालवली त्याची पोर आम्हाला नको.

मी शेठच्या दारात जाऊन खरं काय ते ओरडून सांगितलं. लोक हसले. नवऱ्यानेच कबूल केलंय, आता बायकोला कंठ फुटला!

घरी हादियाने सगळं ऐकलं. रडली नाही. बापासमोर उभी राहिली. "अब्बा, तुमी उघडला नवता, तर गप का बसलात?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जीव वाचवणाऱ्या माणसासारखा घाईघाईने म्हणाला, "तुज्या अम्मीनेच मला गप बसवला."

संतापाने माझे कान तापले. पण त्याचा चेहरा पाहिला. पोरीच्या नजरेतूनही उतरला असता, तर तो जगला नसता.

"होय गो," मी म्हणाले. "मीच."

हादियाने माझ्याकडे पाठ फिरवली आणि बापाला पाणी आणून दिलं.