नखाएवढी पाटी

यवतमाळात दुकानांच्या पाट्या रंगवत म्हातारे झालेल्या डोमाजींनी घरी टेबलावर छोटी आगगाडी मांडली होती. रुळांवर कापसाचा बर्फ होता, इंजिनापुढे तो सारणारं पातं. फाटकाआधी पातं उचलायचा इशारा देणारी नखाएवढी पिवळी पाटी तेवढी राहिली होती. तिच्यावर दोन काळे ठिपके द्यायचे, पण कंपवातानं हात थरथरला आणि ठिपक्याचा पुन्हा फराटा झाला.

"मी धरू काय तुमचा हात?" बायकोनं, सत्यभामानं विचारलं.

"धर."

तिनं दोन्ही हातांनी मनगट आवळून धरलं. ब्रश हलतच राहिला, तिचेही हात हलू लागले.

"सोड वं. मले नाही जमत आता."

 सत्यभामानं हात सोडला नाही.