केतकीचं पुढे काय झालं

मित्रांनो, माझी शिवण सुटली आहे, कोपरे कसरीनं खाल्ले आहेत. मी एक जुनी अद्भुत कादंबरी आहे. लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी दिवसांत मी जळकोटच्या वाचनालयात आले. माझ्यात राजकन्या हेमकळा आहे आणि तिची मैत्रीण, मंत्र जाणणारी डोंगरातली केतकी. नदी पिऊन टाकणाऱ्या राक्षसाला दोघी मिळून मारतात. मला त्याचा फार तोरा होता.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते रुद्राणीनं. ती भुसार दुकानदार संगप्पांची मुलगी. टँकरच्या रांगेत घागर ठेवली की आपला नंबर राहायचा. मग ती आणि तिची शेतकऱ्याघरची मैत्रीण शिवकन्या लिंबाखाली बसत. रुद्राणी मोठ्यानं वाची, शिवकन्या ऐके. रांगेत त्यांच्या घागरीही शेजारी शेजारी असत.

शेवटच्या प्रकरणात घोड्यावरून राजपुत्र येतो आणि हेमकळेचं लग्न लागतं. तिथं रुद्राणी थांबली.

"अन् केतकी?" शिवकन्येनं विचारलं.

"तिचं काई लिहिलंच न्हाई."

"असं कसं? राक्षस मारताना तर होती की."

मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली.

थोड्याच दिवसांत रुद्राणीचं लग्न देगलूरला ठरलं. "पाठराखीण तूच. माझ्यासंगं सासरी तूच यायचं," ती शिवकन्येला म्हणाली. शिवकन्येनं आईची ठेवणीतली साडी काढून ठेवली. पण पाठवणीच्या वेळी संगप्पा म्हणाले, "पोरी, तिकडं बी पाण्याची लई बोंब हाय. पाठराखीण नगं म्हणून निरोप आलाय."

शिवकन्या गाडीपर्यंत गेली. रुद्राणीनं मला तिच्या हाती दिलं. "वाचनालयात दे," एवढंच बोलली आणि दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात द्यायला मला काखेत घेऊन आलेल्या शिवकन्येनं रांगेत दोन घागरी ठेवल्या.

"ही दुसरी कुणाची गं?" मागच्या कस्तुराबाईंनी विचारलं.

"रुद्राणीची."

"ती तर नांदायला गेली की."

"नंबर हाय तिचा," शिवकन्या म्हणाली.

एवढ्या टंचाईतही कस्तुराबाईंनी ती घागर बाजूला सारली नाही. टँकर आल्यावर शिवकन्येनं आपली भरून घेतली आणि दुसरी रिकामीच उचलून घरी नेली.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला वाळवीच्या तोंडी देऊ नका. आणि शेवटी लग्नाचा चौघडा वाजला म्हणून मला लगेच मिटूही नका. केतकीचं पुढे काय झालं, ते एकदा तरी विचारा. मला ते अजून ठाऊक नाही.