पत्रावरची वजरी

मित्रांनो, मी एक जुनी वजरी आहे, आणि बराच काळ एका पत्रावर बसून होते. ते पत्र माझ्याविषयीच आहे. तोवर त्याला उत्तर गेले नव्हते.

वजरी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कित्येकांना ठाऊक नसेल. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, साबणाच्या शेजारी पडलेली, टाचा घासायची खरखरीत वस्तू. आरशाला घरात मानाची जागा असते, फणीला असते. वजरीच्या वाट्याला कोपरा. माझी तक्रार नाही. टाचेकडे माणूस सर्वांत शेवटी बघतो, मग टाचेच्या सोबतिणीकडे त्याहूनही नंतर बघणार. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण आज सांगितली नाही, तर ती राहूनच जाईल.

मी मातीची. मोठी भांडी घडवून झाली की उरल्यासुरल्या गोळ्यांच्या कुंभार वजऱ्या करी. त्याने माझ्या पोटावर तारेने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आणि पाठीवर पकडायला म्हणून अंगठा दाबला. भट्टीतून निघाले तेव्हा रेघा कडक झाल्या होत्या आणि त्याच्या अंगठ्याचा खळगा माझ्या पाठीवर कायमचा राहिला होता. पुढे ज्यांनी ज्यांनी मला हातात घेतले, त्यांचा अंगठा आपोआप त्याच खळग्यात जाऊन बसला.

मला विकत घेणारी बाई लाँड्रीत कामाला होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभे राहून ती इस्पितळाच्या चादरी पिळत असे. तिच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की चादरीचे सुटे धागे त्यांत अडकत. दुकानात तिने मला उचलले आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिले.

"इथं टोचली नाही, म्हणजे टाचेला चालेल," ती म्हणाली. एवढी पारख करून मला कोणी घेईल, असे मला वाटले नव्हते.

त्या घरात तीन माणसे होती. ही आई, तिची थोरली मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, आणि धाकटा. धाकटा लाजरा होता. पाहुणे आले की पुस्तकामागे तोंड लपवी. ताईने त्याचे नाव 'किडोबा' ठेवले होते, पुस्तकातला किडा म्हणून. आज त्याचे केस पांढरे झाले आहेत, पण माझ्या लेखी तो धाकटाच आहे.

संध्याकाळी आई घरी आली की पत्र्याच्या टबात कोमट पाणी ओतले जाई. पाण्यात चिमूटभर मीठ. आईचे पाय आधी, मग त्याच पाण्यात ताईचे. घरातले घड्याळ कधीचे बंद पडले होते, म्हणून आईने वेळ मोजायची आपली रीत काढली होती. धाकटा उंबऱ्यावर बसून एका खलाशाच्या सफरीचे पुस्तक मोठ्याने वाची, आणि पाय किती भिजले ते पानांवरून ठरे. दोन पाने पाय पाण्यात. मग अर्धे पान मी. मग पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यांतले पाणीसुद्धा टिपून घ्यायचे, आणि तेलात विरघळवलेले मेण टाचांना लावून जुने सुती मोजे चढवायचे.

"ताई, पाय बाहेर काढू नकोस. बोट अजून बुडाली नाही," आई म्हणे.

"तो मुद्दाम सावकाश वाचतोय. माझी बोटं सुरकुतली."

"मी सावकाश नाही वाचत. शब्दच लांब आहेत," धाकटा म्हणे आणि कान लाल करून पुढे वाची.

त्या दोन पानांच्या वेळात मी काठावर बसून वाट पाही. त्या खलाशाच्या बोटीचे काय झाले, हे मला अजूनही तोंडपाठ आहे.

आईकडे आजूबाजूच्या मुली सल्ला विचारायला येत. फोटो काढायचा असला, नोकरीसाठी कोणाला भेटायचे असले, की हमखास. आईकडे फार मोठे ज्ञान होते अशातला भाग नाही, पण जे होते ते ती हात आखडून ठेवत नसे. केस शेवटी गार पाण्याने धू. ओठ फुटले असतील तर साखर-तेलाने हलके चोळ, दाताने सोलू नकोस. पिळलेल्या लिंबाची साल कोपराला लाव, पण चेहऱ्यापासून लांब ठेव. आणि कोणतीही वजरी कोरड्या पायावर फिरवू नकोस. एकदा ताईने घाईघाईत मला कोरडीच टाचेवर फिरवली, तीही रक्त येईपर्यंत. आईने तिचा पाय मांडीवर घेतला आणि एवढेच म्हणाली, "अगं, साल काढायला तो बटाटा आहे का?" धाकटा हसला, मग ताईही रडता रडता हसली. माझ्या आयुष्यात मी कोणाला जखम केली ती तेवढीच.

ताई लग्न होऊन दूर गेली. निघताना आईने मला तिच्या पिशवीत घातले. ताईने मला परत काढले.

"मला तिकडं मिळेल दुसरी. तुझ्या टाचा कोण बघणार?"

आईच्या टाचा मी शेवटपर्यंत पाहिल्या. मग आईही गेली. धाकटा तोवर ग्रंथालयात लागला होता. आईच्या वस्तू आवरताना त्याने मला टाकले नाही, पण माझे काय करावे हेही त्याला उमजले नाही. त्याने मला धुतले, कोरडे केले आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवले, ते उडू नयेत म्हणून. मित्रांनो, मी वाईट दिवस पाहिले असे म्हणणार नाही. उजेडाची जागा होती, धूळ पुसली जाई. पण पाण्याशी संबंध सुटला. भिजल्याशिवाय वजरी म्हणजे नुसते ओझे असते, आणि मी तशी ओझे होऊन राहिले.

मग ताईचे ते पत्र आले. धाकट्याने ते मोठ्याने वाचले. एकटा राहणारा माणूस, त्याला ती सवय लागली होती.

"किडोबा, फोनवर तू नुसतं 'बरं बरं' म्हणतोस, म्हणून लिहितेय. माझ्या टाचा पार आईसारख्या झाल्यात. जमिनीवर पाय ठेवला की जीव जातो. दुकानातली मलमं झाली. आई तेलात मेण किती घालायची रे? आणि पाय एक पान भिजवायचे की दोन? हसू नकोस. वजरी तुझ्याकडेच असेल, ती पाठव. आणि उत्तर लिही, नाहीतर मी तिथं येऊन तुझा कान धरीन."

धाकटा हसला. त्याच दिवशी तो कागद-पेन घेऊन बसला. आणि तिथेच अडला.

मेण किती, हे त्याला आठवेना. एक पान की दोन, हेही आठवेना. दोन, दोन, असे मी त्याला किती वेळा म्हटले असेल. पण वजरीचे कोण ऐकणार? चुकीचे लिहिले आणि ताईला त्रास झाला तर, या भीतीने त्याने पुस्तके उघडली. त्वचेवरची, तेलांवरची, मेणावरची. एक पुस्तक दुसऱ्याच्या उलट सांगे. मग त्याला प्रश्न पडला, लहानपणी आपण एक पान किती वेळात वाचत होतो? तो खलाशाचे पुस्तक काढून अडखळत, मुलासारखे वाचून पाही आणि घड्याळाकडे बघे. मग त्याला वाटे, छे, हे काही खरे नव्हे. पत्राचा मसुदा तो लिही, खोडी, फाडी. 'प्रिय ताई, उशिराबद्दल क्षमा' एवढे एकच वाक्य त्याच्या हातून धड उतरे, आणि तेच दिवसेंदिवस जास्त खरे होत गेले.

शेवटी त्याने ताईचे पत्र माझ्याखाली ठेवले. हरवू नये म्हणून. बरणीतल्या मुरंब्यासारखे ते मुरत राहिले. पत्र मुरले तर त्याचे काय होते, ते त्याला कळायला हवे होते. पण मी तरी कोणाला नावे ठेवू? पाठवायची वस्तू मी, आणि मीच त्या पत्रावर ठाण मांडून बसलेली.

ताईची मुलगी कामासाठी या गावावरून जात होती, ती वाट वाकडी करून मामाला भेटायला आली. धाकट्याने दोनदा चहा केला, कारण पहिल्यात साखर घालायची राहिली. तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"मामा, हीच का ती वजरी?"

"हो. पाठवणारच होतो. टाचा कशा आहेत तिच्या?"

"टाचा छान आहेत. मऊ झाल्यात, तान्ह्या बाळासारख्या."

"अरे वा," धाकट्याचा चेहरा उजळला. "बऱ्या झाल्या म्हणजे."

मुलीने कप खाली ठेवला. "मामा, ती चालत नाही आता. उन्हाळ्यात पडली, त्यानंतर अंथरुणावरच आहे. जमिनीला पाय लागतच नाही, मग भेगा कुठून पडणार? नर्सबाई तर म्हणतात, टाचेला काही घासायचं नाही. खाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवतो आम्ही."

"मला कळवलं नाहीस."

"फोनवर सांगितलं होतं, मामा. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात."

धाकट्याने मान खाली घातली. त्याला खरेच नीट ऐकू आले नव्हते की ऐकून घेण्याचे धाडस झाले नव्हते, ते मला सांगता येणार नाही.

"आधी रोज विचारायची, किडोबाचं काही आलं का. आता नाही विचारत. कधी मला ओळखते, कधी नाही." ती उठली. "नेऊ का ही? बघून तरी ओळखेल कदाचित."

मी मनातल्या मनात म्हटले, दे मला, आत्ताच्या आत्ता दे.

"राहू दे," धाकटा म्हणाला. "उत्तराबरोबरच पाठवतो. नीट लिहून."

"तुमची मर्जी. पण लवकर, मामा."

ती गेल्यावर तो टेबलाशी आला. मग त्याने मला उचलले. त्याचा अंगठा त्या खळग्यात बसला. त्याने मला मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिले, आईसारखे. मी टोचले नाही. पण आता टोचले काय आणि न टोचले काय.

त्याने खलाशाचे पुस्तक काढले. आयुष्यभर लोकांना पानाचा कोपरा दुमडू न देणारा हा माणूस. त्याने त्यातली दोन पाने टराटरा फाडली. मग एकच कागद घेतला आणि एकदाही न खोडता लिहिले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचले, म्हणून मला कळले.

"ताई, मेण किती ते मला आठवत नाही. पाय बहुधा दोन पानं भिजवायचे. पानं सोबत पाठवतोय, बोट बुडण्याच्या आधीची. लेकीकडून वाचून घे. तिला सांग, सावकाश वाच, शब्द लांब आहेत. किडोबा."

मित्रांनो, या उत्तराने ताईचे पाय जमिनीला लागणार नाहीत. तिथे माझ्यासाठी काही काम नाही, तिच्या मऊ टाचांना मी शिवायचेही नाही. पाने वाचली जातील तेव्हा ती कोणाला ओळखत असेल की नसेल, देव जाणे. मला तुमच्याकडे एवढेच मागायचे आहे. टाच भेगाळायच्या आधी तेल लावा, आणि कोणी काही विचारले तर 'बहुधा' म्हणून का होईना, सांगून टाका. अचूक उत्तराची वाट पाहणारे माणूस तेवढा वेळ उभे राहू शकेलच असे नाही.

पोस्टातल्या बाईने पुडके हलवून पाहिले. "फुटण्यासारखं आहे काही?"

"नाही. वजरी आहे."

"पाय घासायची? तिकडं मिळत नाही का?"

"मिळते," धाकटा म्हणाला.

बाईने पुडके वजनकाट्यावर ठेवले. मला त्या दोन पानांत गुंडाळलेले होते. अंधारात मी बोटीचा प्रसंग मनातल्या मनात सुरू केला. पहिल्या ओळीलाच वर शिक्का बसला, आणि बाईने मला पोत्यात टाकले.